चार अनुभवी टायर

आमच्या घरच्या माणसाला कोणाला विचारल्याशिवाय काही करता येत नाही, आणि विचारल्यावर तर मुळीच करता येत नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. वरणाला फोडणी लसणाची द्यावी की जिऱ्याची, हे विचारायला हा माणूस हातातला घास हातात ठेवून शेजारच्या ओट्यावर जाऊन आला आहे. नाव मी घेत नाही. गावात सगळे लटारूभाऊ म्हणतात, तेवढ्यावरून ओळखा. स्वभावानं गाय. दारू नाही, पत्ते नाही, कोणाला शिवी नाही. बायका मला म्हणतात, "रुखमाबाई, नशीब काढलं तुमी." मी म्हणते, एक महिना घेऊन जा आपल्या घरी, मग सांगा.

मी दुसरीपर्यंत शिकले. तिसरीच्या वर्षी माय गेली आणि धाकटी बहीण कली माझ्या कमरेवर आली, ती तिच्या लग्नापर्यंत उतरली नाही. तिला गडचिरोलीकडे जंगलातल्या गावात दिलं. डांबरी सडकेवर एसटी सोडते, तिथून आत नऊ किलोमीटर. उन्हाळ्यात ती वाट असते, पावसाळ्यात तो चिखल असतो. दोन नाले आहेत. माझ्या गुडघ्यांना आमच्या अंगणातली पायरी झेपत नाही, तिथे नाले कुठून झेपणार.

आखाडी, म्हणजे आषाढातली पौर्णिमा, झाली त्या आठवड्यात कलीचा नवरा इसरू मोटरसायकलवर आला. कमरेपर्यंत चिखल. चहाचा कप त्यानं तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, पोटात पानी भरते तिच्या. डॉक्टरनं घरी न्या म्हनलं. आता काही सांगत नाई, काही मांगत नाई. एकच म्हन्ते, मले बाईच्या घरी घेऊन जा."

कलीनं जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही. लग्नात बांगड्या कमी पडल्या तर म्हणाली होती, एका हातात भरते, एक हात पदराखाली ठेवते. तिनं मागितलं म्हणजे काय, ते मला कळलं. पण मोटरसायकलवर बसायची तिची अवस्था नव्हती. तिला गादीवर निजवूनच आणायचं होतं, आणि त्या वाटेला अ‍ॅम्ब्युलन्सवाला येत नव्हता. राहिला आमचा ट्रक.

ट्रक म्हणजे छोटा, सहा चाकी, आमच्या पोराहून, रोशनहून, दोन वर्षांनी मोठा. रोशन बल्लारपूरला कामावर आहे, ट्रक अजून घरीच आहे. धान, मोहा, लग्नाच्या मांडवाचे बांबू, सगळं वाहून झालं त्याचं. पुढची दोन चाकं ठीक होती. मागचे चार टायर माझ्या सासऱ्याच्या डोक्यासारखे झाले होते, हात फिरवला तर गुळगुळीत. गेल्या पावसाळ्यात तो आमच्याच गावच्या पाणंदीत रुतला होता.

"दातवाले टायर लागतीन," हे म्हणाले. "चिखलाचे. जंगलात चालनारे."

"आना मंग," मी म्हणाले.

"आनतो. इचारतो थोडं."

या "थोडं"मध्ये पुढचा महिना गेला.

पहिले आले शेजारचे मुखरूभाऊ. वनखात्यात गार्ड होते, आता पेन्शनवर आहेत. जंगलातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना विचारलं नाही तरी ते सांगतात. म्हणाले, "लटारूभाऊ, नवे घेऊ नका. नव्या टायरले जंगलाचा अनुभव नसते." हे बोलणं आमच्या माणसाला फार पटलं. नव्या टायरची किंमत ऐकून आल्यावर तर आणखीच पटलं.

दुसरे आले अश्वजित मास्तर, शाळेचे. पोरगा हुशार आहे, बोलतो गोड, पण मोबाइल खिशात ठेवत नाही. त्यांनी आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. कुठलातरी गोरा माणूस चिखलात गाडी घालून हसत होता. मुद्दाम घातली होती म्हणे. मी म्हटलं, "मास्तर, याची बहीण बिमार हाये का?" मास्तर म्हणाले, "नाई काकू, हा हौशीनं करते." मी चहा टाकायला आत गेले. हौशीनं चिखलात जाणाऱ्या माणसाकडून आमचे हे काय शिकणार होते कोण जाणे, पण त्यांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला.

मग कोणी सांगितलं, आधी जुने टायर दुकानात न्या, बदल्यात काही कमी होईल. म्हणून चारही चाकं काढली, ट्रक विटांवर उभा केला आणि टायर दुकानात टाकून आले. दुकानदार म्हणाला, बघतो. आता ट्रकला मागे चाकंच नाहीत. पूर्वी निदान रुतायला तरी तो जाऊ शकत होता.

कोणी म्हणे जुन्या टायरवर नवं रबर चढवून घ्या, रिमोल्ड म्हणतात त्याला, स्वस्तात पडतं. दुसरा म्हणे रिमोल्ड उन्हात सोलतं. हे म्हणाले, "पावसाळ्यात ऊन कुठी हाये?" तर तो म्हणाला, "पावसाळ्यात पानी जाते आतमंदी." यांनी दोघांचं ऐकलं आणि कोळशानं आमच्या भिंतीवर टायरचे दात काढले. आडवे दात, तिरपे दात, ठोकळे. नुकतीच पांढऱ्या मातीनं पोतारलेली भिंत. पाहुणे यायचे ते त्या भिंतीसमोर उभे राहून कुठले दात बरे ते सांगायचे. ज्यांच्या स्वतःच्या तोंडात दात नव्हते तेसुद्धा.

आणि मग चिखल आला. रिमोल्डवाला म्हणाला, चिखलाचे प्रकार असतात. काळा वेगळा, पिवळा वेगळा, चिकणमातीचा तर फारच वेगळा. चिखल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. हे ऐकून आमच्या माणसानं इसरूला फोन केला. तिकडे झाडावर चढलं तर टॉवर लागतो. इसरू झाडावर चढला होता तो कलीची तब्येत सांगायला. यांनी त्याला सांगितलं, वाटेवरचा दोन किलो चिखल पाठव.

इसरू गरीब माणूस. त्यानं पाठवला. मुरमुऱ्याच्या पिशवीत भरून, वर सुतळी बांधून, एसटीच्या कंडक्टरकडे दिला. कंडक्टरनं पार्सल म्हणून त्याचं तिकीट फाडलं. ती पिशवी माझ्या ओट्यावर आठ दिवस होती. बहीण आली नाही, बहिणीच्या दारचा चिखल मात्र तिकीट काढून आला. मी ती पिशवी एकदा सोडून पाहिली. त्यात करंजाचं एक पान होतं. कलीच्या दारात करंजाचं झाड आहे. मी पिशवी बांधून ठेवली आणि त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं नाही, कारण ते विचारायला बाहेर गेले होते.

धानाचे रोवणे आटोपले. नागपंचमी गेली. राखी गेली. शेवटी मुखरूभाऊच एक दिवस धावत आले. मूल गावाच्या वाटेवर एका भंगारवाल्याकडे चार टायर आहेत, दात बोटभर, किंमत अर्धी. "जंगलातच चाललेले हायेत," मुखरूभाऊ म्हणाले. "रस्ता नसलेल्या जंगलात. अनुभवी टायर."

मी म्हणाले, "आज नाई आनले तं मी पायी जातो." टायर त्याच दिवशी आले. मी त्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये गादी टाकली, दोन उशा ठेवल्या, कलीसाठी हिरवं पातळ घेतलं. मुखरूभाऊ वाट दाखवायला म्हणून सोबत. वाट आम्हा सगळ्यांना माहीत होती, पण टायर त्यांनी शोधले होते, त्यांना नाही कसं म्हणायचं.

जंगलाच्या नाक्यावर गार्डनं हात दाखवला. तरुण पोरगा. कागद पाहिले, ठीक होते. ट्रक निघाला, ओल्या मातीवरून दहा पावलं गेला, आणि मागून शिटी वाजली. तो पोरगा खाली बसून आमच्या टायरच्या खुणा पाहत होता. पाहता पाहता आत पळाला आणि पांढरं, पोळपाटाएवढं काहीतरी घेऊन आला. प्लास्टरचा ठसा होता. वाघाच्या पंजाचे घेतात ना, तसा. श्रावण लागला त्या आठवड्यात कोणीतरी सागवान तोडून ट्रकमध्ये नेला होता, त्या ट्रकच्या टायरचा. तिसऱ्या दाताला जशी चीर ठशात, तशीच चीर आमच्या मागच्या डाव्या टायरला.

मुखरूभाऊंनी तो ठसा हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "मादी हाये."

कोणी हसलं नाही. मी तर मुळीच नाही.

ट्रक नाक्यामागे उभा केला. साहेब ट्रेनिंगला गेले होते, ते आल्याशिवाय सोडता येत नव्हतं. मी त्या पोराला सांगितलं, "बाबू, माही बहीण मरनाच्या दारात हाये." तो म्हणाला, "आजी, सगळेच काहीतरी सांगतेत." खरं सांगते, मला त्याचा राग आला नाही. त्या नाक्यावर रोज खोटं सांगणारी माणसं येत असतील. मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. त्यानं शाईची डबी माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाला, "आजी, अंगठा." मी डबी परत सरकवली. पेन मागितला. रुखमाबाई लटारू, एवढं नाव मी हळूहळू, एकेक अक्षर काना-मात्रेसकट लिहिलं. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, लिहिताना इलाज नसतो. चोराची बायको म्हणून का होईना, सही माझी होती.

सहा दिवस ट्रक तिथेच, आम्ही एसटीनं घरी परतलेले. सातव्या दिवशी साहेब आले. माणूस बरा होता. म्हणाला, चोरीच्या दिवशी तुमचा ट्रक कुठे होता याचा पुरावा आणा. पुरावा काय, अख्खं गाव पुरावा होतं. मास्तरांनी कागद लिहिला: सदर ट्रक, मागे चाके नसल्याने, आखाडीपासून एक महिना अंगणात विटांवर उभा होता; कारण मालकाचा टायरबाबत निर्णय होत नव्हता. खाली बत्तीस सह्या. साहेबांनी कागद वाचला, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं, आणि ट्रक सोडला. भंगारवाल्याचा पत्ता घेतला आणि आमचे आभार मानले.

हे घरी येताना खूश होते. म्हणाले, "पाह्यलं? घाई केली असती तं फसलो असतो."

त्या दिवशी इसरूचा फोन आला. आवाज तुटत होता. कलीनं दोन दिवसांपासून तोंडात काही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "तिले सांग, उद्या येतो. ट्रक आला. उद्या पक्कं." फोन बंद पडला. तिला सांगितलं की नाही, ते तेव्हा कळलं नाही.

आता हे "उद्या" म्हणजे पोळा होता.

गेल्या वर्षी आम्ही बैलजोडी विकली. आम्हा दोघांच्या वयाला आता बैल झेपत नाहीत. विकली त्या दिवशी हे गोठ्यात जाऊन बसले होते आणि मी त्यांना हाक मारली नव्हती. त्यामुळे त्या संध्याकाळी ते वाटीत लोणी-हळद घेऊन अंगणात गेले तेव्हा मला वाटलं, शेजारच्या बैलांची खांदमळणी करायला निघाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या मानेला लोणी-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

मी बाहेर येऊन पाहते तर हे ट्रकच्या चाकाशी बसलेले. टायरच्या दातादातांत लोणी भरत होते. आणि हळू आवाजात म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, वाईटच वाटलं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

सकाळी मी पातळ, गादी, पाण्याची कॅन घेऊन ट्रकजवळ उभी. हे आले आणि किल्ली न काढता उभे राहिले.

"आज नाई जमत," म्हणाले.

"काऊन?"

"आवतन देल्लं. आवतन देल्लेल्या बैलाले पोळ्याच्या दिवशी जुपत नाई."

"हा बैल हाये का?"

"मंग घरात बैल कोनता हाये आता?"

मी मुखरूभाऊंना हाक मारली. मला वाटलं, नाक्यावरच्या प्रकारानंतर तरी हा माणूस माझ्या बाजूनं बोलेल. मुखरूभाऊ डोकं खाजवून म्हणाले, "वैनी, आवतन देल्लं नसतं तं गोष्ट येगळी होती." मास्तरांना विचारलं. ते हे सगळं मानणाऱ्यातले नाहीत. ते म्हणाले, "काका, हे चूक आहे. गाडी काढा." यांनी मान हलवली आणि म्हणाले, "अजून एकादोघाले इचारतो." दुपारपर्यंत अर्धं गाव विचारून झालं. गावाचं म्हणणं पडलं, एका दिवसानं काय होते.

आणि पोळा भरतो त्या तोरणाखाली ट्रक नेला. चालू करून नव्हे. चालू केला तर जुपल्यासारखं झालं असतं. बारा माणसांनी ढकलत नेला. शिंगं नाहीत म्हणून आरशांना बेगड लावली, वर झूल टाकली. मी म्हटलं, "बारा जन हाच कलीच्या दारी ढकलत न्या ना." ढकलणारे हसले. त्यांना वाटलं, काकू गमतीच्या आहेत.

पोळा फुटला, बैल आपापल्या घरी निघाले, ट्रक दारात आला, आणि मी चारही टायरचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी ठेवली. कोणी जबरदस्ती केली नाही. दुसऱ्या दिवशी हेच चार पाय मला कलीकडे नेणार होते, म्हणून धुतले.

दुसऱ्या दिवशी उजाडता निघालो. नाक्यावरच्या पोरानं ओळखलं, सलाम केला. सडक संपली आणि चिखल लागला, आणि काय सांगू, ते टायर असे चालले! पिवळी चिकणमाती चाकाच्या आसाला लागत होती. वाटेत एक ट्रॅक्टर फसून उभा होता. आम्ही त्याच्या बाजूनं गेलो. पहिला नाला उतरलो, चढलो. दुसऱ्या नाल्याला मी डोळे मिटले, तर उघडेपर्यंत आम्ही पलीकडे. नऊ किलोमीटरला पाऊण तास. हे एकदाही खाली उतरले नाहीत. तोंडावर असं तेज की मीसुद्धा म्हणाले, "बरे निघाले हो टायर."

गावात शिरलो तर आंब्याच्या पानांची तोरणं रस्त्यात पडलेली, बैलांच्या शिंगांचे रंग ताजे. इसरूच्या दारात करंजाखाली चार माणसं बसलेली. इसरूच्या डोक्याचे केस काढलेले होते.

मी ट्रकमधून उतरले. कोणी हात दिला ते आठवत नाही.

"काल सकाळी, बाई," इसरू म्हणाला. "नऊच्या सुमाराले. तुमी येनार म्हनून सांगतलं होतं तिले. हसली. रस्त्याकडं तोंड करून निजवा म्हने, तशी निजवली."

"मंग थांबले काऊन नाई? मायेरचं पातळ नाई चढवत का बाईच्या अंगावर? मी आनलं ना पातळ!"

इसरूनं खाली पाहिलं. "थांबलो होतो बाई, झाडावर चढून फोन लावला, लागला नाई. दोन वाजेपर्यंत थांबलो. पन साऱ्या गावाचे बैल सजवून उभे होते. मयत गावात ठेवून पोळा भरत नाई. लोकायनं तरी किती थांबावं? पाटलाची सून आपल्या मायेरकडची होय ना, तिनं आपलं पातळ देल्लं."

मी ओट्यावर बसले. हिरवं पातळ मांडीवर होतं. पोळा होता म्हणून आम्ही निघालो नाही, आणि पोळा होता म्हणून तिला थांबता आलं नाही. ट्रकवर अजून झूल होती, काढायची राहून गेली होती. गादी होती, दोन उशा होत्या.

बायका रडत होत्या. मला रडू येत नव्हतं. आणि तेवढ्यात ट्रककडून बोलणं ऐकू आलं. गावातली चार-पाच माणसं चाकाभोवती जमली होती. त्यांचा काय दोष, पावसाळ्यात त्या गावात कोणी चाक आलेलं पाहिलं नव्हतं. एकजण खाली बसून टायरच्या दातांत बोट घालून चिखल काढत होता. "भाऊ," तो म्हणाला, "कुठून भेटले हे टायर?"

आणि आमचे हे, डोळे पुसत, नाक ओढत, त्याला सांगायला लागले. "सांगतो ना. आधी म्या नव्याचं इचारलं. मंग रिमोल्डचं..."

मी उठले. गुडघ्यांनी त्या दिवशी काही म्हटलं नाही. माणसं बाजूला झाली. बेचाळीस वर्षांत मी या माणसाशी चार लोकांत वर आवाजात बोलले नव्हते, आणि त्या दिवशीही आवाज वर गेला नाही.

"आयका," मी म्हणाले. "टायर चांगले हायेत. तुमी निवडले, बराबर निवडले, हे मी साऱ्यायच्या समोर सांगून राह्यली. नव्याचं इचारलं, जुन्याचं इचारलं, चिखल मांगवून चिखलाले इचारलं. गावाले इचारलं, तालुक्याले इचारलं. पन माह्या कलीले एक डाव नाई इचारलं तुमी, का कले, तुह्यापाशी दिवस किती हायेत?"